हिरवळीखालचे पाणी

गोल्फ म्हटले की आमच्या शुक्रवार पेठेतल्या माणसापुढे एकच चित्र उभे राहते. पुढे काठी घेतलेला साहेब, मागे पिशवी वाहणारा पोरगा, आणि नजर पोहोचेल तेथवर हिरवळ! त्या हिरवळीच्या पोटात काय दडले आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. तेथे असतात चर, नळ, खडी आणि वाळू. ह्या खेळाच्या बखरीत चेंडूचे पराक्रम पुष्कळ लिहिले गेले; निचऱ्याचे पान मात्र कोरेच राहिले. ते आज थोडे भरावे म्हणतो.

हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाढला, त्याला कारण आहे. तेथील सेंट अँड्र्यूजची जमीन रेताड. पडेल ते पाणी ती पिऊन टाकते. तरीही १८६४-६५ च्या सुमारास तेथील मैदान सांभाळू लागलेला टॉम मॉरिस हिरवळीवर नेमाने वाळू पसरीत असे. आजही तेथील जुने मैदान रविवारी खेळाला बंद असते. माणसाप्रमाणे गवतालाही सुट्टी हवी, हे त्या लोकांना केव्हाच उमगले होते.

साहेब हिंदुस्थानात आला, तेव्हा हा खेळही त्याच्या सामानातून आला. कलकत्त्यास १८२९ साली क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांत तो मोडतो. खेळ आला, काठ्या आल्या, पण स्कॉटलंडची वाळू काही गलबतातून आणता आली नाही. तेथला पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. आमचा चार महिन्यांत सारा हिशेब चुकता करतो.

मुंबईचेच पाहा. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून पूर्वी भरतीचे पाणी आत शिरे आणि भायखळ्यापर्यंतचा सखल भाग खाजणासारखा होई. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने कंपनीच्या संचालकांची संमती नसताना तेथे बांध घातला आणि १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. बांध पुन्हापुन्हा कोसळत होता, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या प्रभू गृहस्थाला देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती वर निघाली आणि मग भिंत टिकली, अशी आख्यायिका आहे. भिंतीला हॉर्नबीचे नाव मिळाले, देवीला देऊळ मिळाले. मागाहून तेलंगणातून आलेले कामाठी मजूर ह्याच सखल भागात वसले. मुंबई बांधण्यात त्यांचे हात राबले. त्यांची खूण एवढीच, की त्या वस्तीला कामाठीपुरा म्हणतात. घरोघर तेलुगू ऐकू येणाऱ्या सोलापुरास हे नाते सांगावयास नको.

ह्याच सखल पट्ट्यात १९१८ साली विलिंग्डन क्लब उभा राहिला. गोऱ्यांच्या नामांकित क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता, त्या काळी गव्हर्नर विलिंग्डन याने दोघांनाही मोकळा असलेला हा क्लब काढला. माणसांमधला बांध थोडा फुटला म्हणावयाचा! तेथे गोल्फही आला.

पण समुद्र बाहेर ठेवणे निराळे आणि पाऊस बाहेर काढणे निराळे. ओहोटीला शहराचे पाणी गटारांवाटे समुद्रात उतरते. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, म्हणजे गटाराच्या तोंडाशी समुद्रच उभा! मग पाणी सखल जागा शोधते. अशा शहरात मैदान राखणारा माळी ढगांबरोबर भरतीचे वेळापत्रकही पाहील, तर नवल नाही.

तो करतो तरी काय? अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० साली हिरवळ बांधण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ती पुढे जगभर गेली. तळाशी नळांची रांग, माशाच्या काट्यासारखी. त्यावर चार इंच खडी. तिच्यावर फूटभर वाळूचे मिश्रण. गंमत अशी, की पाणी लगेच खडीत उतरत नाही. बारीक वाळू ते धरून ठेवते आणि गवताच्या मुळांना पाजते. वाळू तुडुंब झाली, म्हणजे मगच जास्तीचे पाणी खाली सुटते.

आमच्या शेतकऱ्याला ह्यात काही नवे वाटणार नाही. त्याच्यापाशी ह्यासाठी एक सुरेख शब्द आहे: वाफसा. फार ओल नाही, फार कोरड नाही. मुळाला पाणीही मिळावे आणि वाराही मिळावा. आमची काळी माती भिजली की फुगते, तापली की भेगाळते. तिच्यात पाणी तुंबले, तर रान चिबडते आणि पीक पिवळे पडते. म्हणून शहाणा शेतकरी मृगाआधी चर उकरून घेतो. साहेबाने लाखो रुपये खर्चून जमिनीत पुरला तो वाफसाच!

आणि तो एकदा पुरून भागत नाही. वाळूत गाळ बसतो, नळात मुळे शिरतात. दर वर्षी उपसावे, टोचावे, पुन्हा वाळू घालावी लागते. शहराचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सोलापूरच्या वर्षभराच्या पावसाहून कितीतरी अधिक. त्यानंतर हाजी अलीपाशी पाणी उपसून समुद्रात टाकणारे पंप बसले. हॉर्नबीच्या बांधाला सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्या सखल भागाचे पाण्याशी भांडण मिटलेले नाही.

बांध घालणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, कारण बांध दिसतो. चर उपसणाऱ्याचे राहत नाही. कारण त्याचे काम चोख झाले, म्हणजे दाखवायला काहीच उरत नाही. पाऊस येतो, जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खेळ सुरू होतो. त्या कोरड्या सकाळीच त्याची सही असते.