जॉन पंचचे वंशज आणि शुद्ध रक्ताची थाप

आपल्या वस्तीत वंशावळ निघते ती जात पडताळणीच्या वेळी. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा कोतवाल बुकात जातीची नोंद सापडली की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो. ज्या शब्दाने आज्याला गावकुसाबाहेर ठेवले, तोच शब्द नातवाला पुरावा म्हणून लागतो. उच्चवर्णीय घरांत मात्र वंशावळ भिंतीवर टांगायची वस्तू असते. अलीकडे आपल्यातलेही काही तरुण मोबाईलवर आलेल्या मजकुराच्या भरवशावर आपले घराणे एखाद्या राजाशी नेऊन जोडतात. त्यांच्यासाठी ही अमेरिकेतली वंशावळ.

१६४० साल, व्हर्जिनिया वसाहत. ह्यू ग्विन नावाच्या जमीनदाराचे तीन नोकर पळून मेरीलँडला गेले. एक डच, व्हिक्टर. दुसरा स्कॉटिश, जेम्स ग्रेगरी. तिसरा आफ्रिकी, जॉन पंच. तिघे पकडले गेले, तिघांना तीस-तीस फटके बसले. पुढे दोघा गोऱ्यांची चाकरी चार-चार वर्षांनी वाढली, एक वर्ष मालकाकडे आणि तीन वर्षे वसाहतीकडे. जॉन पंचला मात्र मरेपर्यंत चाकरी. गुन्हा एकच, शिक्षा जन्म पाहून! बाबासाहेबांनी मनुस्मृती का जाळली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा न्याय ओळखीचा वाटेल. त्या वेळी व्हर्जिनियात गुलामगिरीचा कायदाही झालेला नव्हता. म्हणून अनेक इतिहासकार पंचला तिथला पहिला आजन्म गुलाम मानतात.

सर्वसाधारण कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस पूर्वज शोधू लागला की १८७० च्या जनगणनेपाशी अडतो. त्याआधीच्या, १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव असे ते मालकाचे. गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग. मग आजीचे नाव शोधायचे कुठे, तर मालकाच्या मृत्युपत्रात, गुराढोरांच्या शेजारी.

पंचचा माग मात्र त्याच्याही मागे लागला. २०१२ मध्ये अँसेस्ट्री या कंपनीच्या संशोधकांनी व्हर्जिनियातल्या बंच घराण्याचे जुने कागद तपासले. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र या घराण्यातल्या पुरुषांत आफ्रिकी निघाले. पंचचा मुलगा बंच, असे लिहिलेला कागद नाही. पण काळ, प्रदेश, नावातले साम्य आणि गुणसूत्र यांवरून तोच मूळपुरुष असण्याची दाट शक्यता त्यांनी मांडली. दाट शक्यता, इतकेच. आपल्या राजवंशवाल्यांनी एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

गुलामाची मुले स्वतंत्र कशी राहिली? १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मूल आईच्या दर्जाचे. मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेले मूलही मालमत्तेत जमा व्हावे, ही त्यातली सोय. बंच घराण्यात आई स्वतंत्र गोरी होती, असे संशोधक मानतात. त्यामुळे मुले स्वतंत्र राहिली, त्यांनी जमिनी घेतल्या, गोऱ्यांशी लग्ने केली. काही पिढ्यांत कागदोपत्री ती गोरी झाली. हे सोपे नव्हते. १६९१ च्या कायद्याने अशा लग्नात गोऱ्या जोडीदाराला वसाहतीबाहेर घालवण्याची शिक्षा ठेवली. मिश्र विवाहावरची बंदी व्हर्जिनियातून उठली थेट १९६७ मध्ये, तीही सर्वोच्च न्यायालयामुळे. जातीच्या मुळाशी सजातीय विवाह आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये त्याच देशात, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. रक्त आपोआप वेगळे राहत असते तर लग्नावर पहारा बसवावा लागला नसता.

बंच घराण्याची एक शाखा कॅन्ससमध्ये जन्मलेल्या स्टॅनली अ‍ॅन डनहॅम या गोऱ्या बाईपर्यंत येते. ही बराक ओबामांची आई. ओबामांचे वडील केनियाचे, म्हणून त्यांच्या घराण्याचा अमेरिकन गुलामगिरीशी संबंध नाही, असे तिथे म्हटले जात होते. संबंध निघाला, आणि तो गोऱ्या आईच्या बाजूने!

या सगळ्या शोधात एक जागा रिकामीच आहे. आडनाव बापाचे, गुणसूत्र बापाचे. पण मुलांना स्वातंत्र्य मिळाले ते जिच्यामुळे, त्या बाईचे नाव एकाही कागदात सापडलेले नाही.