ग्रहण, ताप आणि दुभंगलेला ओठ

ग्रहणात गरोदर बाईने सुरी हातात घेतली की बाळाचा ओठ कापला जातो, हे आपल्याकडे कुणी ना कुणी ऐकवतंच. गंमत म्हणजे मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक बायका ग्रहणात ज्वालामुखीच्या काचेचा धारदार तुकडा अंगाशी धरायच्या, नाहीतर बाळाचा ओठ कुरतडला जाईल म्हणून. आपण धार लांब ठेवायची, त्यांनी जवळ! पण बोल दोन्हीकडे आईलाच.

डॉक्टर मंडळी तरी कुठे वेगळी होती? गर्भ आत सुरक्षित, व्यंग आलं तर ते रक्तातूनच, असंच बराच काळ मानलं जायचं. मग 1940 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत जोसेफ वारकनी यांनी उंदरांच्या माद्यांना अपुरा आहार दिला, आणि पिल्लांमध्ये दुभंगलेली टाळू दिसली. पुढच्याच वर्षी सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी दाखवलं, की गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. तो मामला डोळ्यांचा, पण आईचा आजार बाळापर्यंत पोचतो हे कळलं.

ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या. दिवस गेलेत हेच अनेकींना तेव्हा नुकतं कळलेलं असतं.

खरा गुंता फेफऱ्याचा. 1968 मध्ये रॉय मेडो यांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिलं, की फेफऱ्याच्या गोळ्या घेणाऱ्या आयांच्या बाळांत दुभंगलेले ओठ आणि टाळू दिसतायत. आता दोष आजाराचा की गोळीचा? कोडमधला बग शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. इथे गोळी थांबवून बघू म्हटलं, तर आईला झटका येणार! त्यामुळे उलगडा व्हायला काही दशकं गेली. संशय जास्त करून गोळ्यांवरच आला: फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, पुढे टोपिरामेट. म्हणून आता मूल हवं असं ठरलं की डॉक्टर आधीच गोळी बदलतात किंवा डोस बघतात. आपल्या मनाने मात्र ती बंद करायची नाही.

आणि साधा ताप? हंगेरीत एंड्रे चायझेल यांच्या टीमने 1980 ते 1996 या काळातल्या बाळांची नोंद ठेवली. व्यंग असलेल्या बाळाची आई गरोदरपणातली प्रत्येक शिंक आठवून बघते, निरोगी बाळाची आई विसरून जाते. त्यामुळे नुसत्या आठवणींवर भिस्त ठेवली तर आकडे फसवतात. म्हणून त्यांनी गरोदरपणात डॉक्टरांनी भरलेल्या तपासणीच्या वह्याही मागवल्या. (डेटा गोळा करायचा तर असा!) त्यात फ्लू, सर्दी आणि जास्त ताप यांचा दुभंगलेल्या ओठांशी संबंध दिसला. सगळ्या केसेसचं कारण हे नाही, जनुकांचा वाटा मोठा असतोच. पण फ्लू झाल्यावर ज्यांनी ताप उतरवण्याचं औषध घेतलं, त्यांच्यात धोका कमी दिसला. म्हणजे विषाणूपेक्षा अंगातली उष्णताच नडत असावी, असा त्यांचा अंदाज.