श्वान : अपत्य की पालित? प्राचीन रोममधील पुराव्यांच्या आधारे एक विचार

प्रस्तावना : पाळीव कुत्र्यास अपत्य मानावे काय, हा प्रश्न आधुनिक नागरी जीवनातून उद्भवला असा सर्वसाधारण समज आहे. परंतु प्राचीन रोममध्येही त्याची चर्चा झालेली आढळते.

विवेचन : प्लुटार्कने पेरिक्लीसच्या चरित्राच्या आरंभी एक प्रसंग नोंदविला आहे. रोममध्ये काही धनाढ्य परदेशीय कुत्र्यांची व माकडांची पिले उराशी धरून हिंडताना पाहून सीझरने, त्यांच्या देशात स्त्रियांना मुले होत नाहीत काय, असे विचारले. माणसांना द्यावयाची माया पशूंवर खर्च होते, हा त्यामागील आक्षेप होय.

समाधिलेख मात्र निराळे चित्र दाखवितात. ब्रिटिश म्युझियममधील इ. स. २ ऱ्या शतकातील लेखात मार्गारीटा ही शिकारी कुत्री स्वतः बोलते. तिला साखळी वा मार ठाऊक नव्हता. धनी-धनिणीच्या मांडीवर ती विसावत असे आणि पिलांना जन्म देताना ती मरण पावली. गेटी संग्रहालयातील इ. स. १५०-२०० या काळातील शिळेवर कुत्र्याची आकृती असून लेखात हेलेना हिला 'अलुम्ना', म्हणजे पालित कन्या, म्हटले आहे. हेलेना कुत्री की बालिका, याविषयी मतभेद आहेत. ती बालिका असली तरी तिच्या स्मारकावर कुत्र्यालाच स्थान मिळाले, हे लक्षणीय आहे.

निष्कर्ष : रोमन कायद्यात कुत्रा ही मालमत्ताच होती, तर 'अलुम्ना' ही सामान्यतः दत्तक नसूनही घरात वाढविलेली असे. सबब कुत्र्यास अपत्यापेक्षा पालित मानणे अधिक युक्त ठरते. अपत्य मोठे होऊन स्वतंत्र होते. पालित प्राणी अखेरपर्यंत परावलंबी राहतो. म्हणूनच पालकाची जबाबदारी त्या प्राण्याच्या मृत्यूपर्यंत संपत नाही.