विद्यार्थ्याचे दप्तर आणि मराठी अक्षर



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांनी बडोद्याच्या या शाळेत आयुष्यभर मराठी शिकविले. दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास आपली मुले महाविद्यालयात जावयास निघतात आणि त्यांच्याबरोबर काय काय द्यावे याची घरोघर चर्चा होते. लॅपटॉप कोणता, मोबाइल कोणता, इत्यादी. ही चर्चा मला क्षुल्लक वाटत नाही. लेखनसाधन निवडताना आपण लिहिण्याची रीत निवडत असतो. आणि महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत, नकळत, लिपीही निवडत असतो. या दृष्टीने विद्यार्थ्याच्या दप्तराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आज आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रारंभ बोरूपासून करणे युक्त होईल. बोरूचे टोक तिरके छाटलेले असल्याने बालबोध अक्षरास जाड-बारीक वळण आपोआप येते. नित्याच्या व्यवहारात मात्र मोडी चाले. हात फारसा न उचलता भरभर लिहिता यावे, हा तिचा मोठा गुण. परंतु छपाई आली आणि चित्र पालटले. मोडीचे खिळे पाडण्याचे प्रयत्न झाले, तथापि एकमेकांत गुंतून धावणारे अक्षर सुट्या खिळ्यांत बसविणे अवघड होते. छापखान्याने बालबोध लिपी पत्करली, शाळेने छापील पुस्तक पत्करले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडी शिक्षणातून मागे पडत गेली. माझ्या आजोबांच्या हातची मोडी पत्रे आमच्या घरी होती. वडील ती अडखळत वाचीत. मला त्यांतील एक ओळही लागत नसे. ज्या लिपीत पेशव्यांचा आणि गायकवाडांचा कारभार चालला, ती दोन पिढ्यांत घरच्या माणसांना परकी झाली. तिच्यावर कोणी बंदी घातली म्हणून असे झाले नाही. नव्या साधनांत तिला जागा मिळाली नाही, एवढेच त्याचे मुख्य कारण.

१८७५ साली सयाजीराव महाराज गादीवर आले. १८८१ साली बडोदा कॉलेज निघाले, १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू झाला. या काळात बोरूच्या जागी टाक आला, टाकाच्या जागी पुढे झरणी आली. टाकाबरोबर दौत आणि शाईच्या वड्या आल्या. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईचा उद्योग आरंभिला. शाईच्या पुडी-वड्यांपासून निघालेला तो उद्योग ‘कॅमल’ शाईने आणि पुढे ‘कॅम्लिन’ या नावाने घरोघर पोहोचला. टाक काय आणि झरणी काय, दोन्ही साधने परदेशी वळणाची खरी. पण त्यांना लिपीचा दुजाभाव ठाऊक नव्हता. हात जे लिही तेच कागदावर उमटे.

आकड्यांच्या आणि रेखांकनाच्या साधनांची कथा किंचित निराळी आहे. १८९० साली येथे कलाभवन स्थापन झाले. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर यांचा कटाक्ष असा की, उद्योगाचे शिक्षण लोकांना त्यांच्या भाषेत द्यावे. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले. माझ्या विद्यार्थिदशेत त्या शाखेच्या मुलांजवळ टी-स्क्वेअर, कंपासपेटी, लॉगॅरिथमची कोष्टके आणि ज्याला परवडेल त्याच्याजवळ स्लाइड रूल असे. स्लाइड रूल आकडे देई, पण दशांशचिन्ह कोठे द्यावयाचे हे सांगत नसे. ते वापरणाऱ्याने स्वतः अंदाज करून ठरवावे लागे. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक गणकयंत्राचा नमुना आला आणि काही वर्षांतच स्लाइड रूल दप्तरातून गेली. श्रम वाचले, अचूकता वाढली, यात शंका नाही. मात्र उत्तर येण्यापूर्वी ते साधारण किती यावे याचा मनाशी अंदाज बांधण्याची जी सवय होती, तीही तिच्याबरोबर क्षीण झाली.

टंकलेखनयंत्राने मराठी अक्षराची पहिली खरी परीक्षा पाहिली. १९५५ साली गोदरेज कंपनीने पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले. इंग्रजीची सव्वीस अक्षरे ज्या कळफलकावर सुखाने नांदतात, तेथे आपले स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे कशी मावणार? अनेक अक्षरे अर्धी उमटवून त्यांना काना जोडावा लागे. न मावणारी जोडाक्षरे हलन्त देऊन फोडावी लागत. माझा पीएच.डी.चा प्रबंध अशाच यंत्रावर टंकित झाला. संस्कृत अवतरणांतील कित्येक जोडाक्षरे मी नंतर काळ्या शाईने, प्रत्येक प्रतीवर स्वहस्ते, भरली. याउलट सायक्लोस्टाइल आपल्याला अधिक सोयीचे. त्याच्या मेणकागदावर टोकदार लेखणीने हाताने लिहिता येई, म्हणून कळफलकाचा अडसर नव्हता. झेरॉक्सचेही तसेच, त्याने मोडीचीही नक्कल तितक्याच इमानाने केली असती.

संगणक आला तेव्हा आरंभी जुनेच प्रश्न नव्या रूपाने उभे राहिले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांसाठी तेथे मोलाचे काम झाले. परंतु दीर्घकाळ प्रत्येक टंकाची व्यवस्था वेगळी होती. एका यंत्रावर लिहिलेला लेख दुसऱ्या यंत्रावर उघडावा, तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. शिवाय हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कित्येक टंकांत मराठीचा अर्धा ‘र’ नसे. हा भेद मामुली नव्हे. लग्नघरात ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येतील, ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर विद्वान येतील. आणि टंकात तो ‘र’ नसेल तर दोघांचीही पंगत एकच!

या अव्यवस्थेवरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान होते. मराठीचा अर्धा ‘र’ही त्यात लिहिता येतो. प्रत्यक्ष यंत्रांवर ही सोय रुजावयास आणखी बरीच वर्षे लागली. २०१४ साली त्याच युनिकोडमध्ये मोडीचाही समावेश झाला. जिला खिळ्यांनी नाकारले, तिला अखेर यंत्रात घर मिळाले. तोवर ती वाचणारे मात्र थोडे उरले होते. २०१७ पासून गूगलच्या साधनांत मराठी बोलावे आणि ते देवनागरीत उमटावे, अशीही सोय आहे.

तेव्हा आज साधनांकडे बोट दाखविण्यास जागा उरलेली नाही. मोडी गेली तेव्हा यंत्र असमर्थ होते. आज यंत्र समर्थ आहे. तरीही आपली नातवंडे मोबाइलवर आजीला मराठी निरोप पाठवितात तो रोमन अक्षरांत. बडोद्यातील मुलाच्या कानावर घराबाहेर गुजराती, वर्गात इंग्रजी आणि दूरदर्शन संचावर हिंदी पडते. मराठी अक्षर त्याच्या हाताखालून जाण्याचा प्रसंग बहुधा तो निरोप हाच एक. तोही रोमनमध्ये गेला, तर माझ्यापुढे आजोबांची पत्रे जशी मुकी होऊन पडली, तशी त्याच्यापुढे आपली पत्रे पडतील.

म्हणून विद्यापीठात निघालेल्या मुलामुलींना माझे सांगणे थोडके आहे. लॅपटॉप ऐपतीप्रमाणे घ्या; सर्वांत महागडाच हवा असे नाही. घर सोडण्यापूर्वी त्यावर आणि मोबाइलवर मराठी कळफलक बसवून घ्या. तो विकत घ्यावा लागत नाही, आणि पंधरा दिवस रोज थोडे लिहिले की हाताला वळण पडते. मोल्सवर्थचा कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात; त्यांच्या खुणा करून ठेवा. निबंध लिहून देणारी यंत्रेही आता आली आहेत. त्यांनी ‘आचार्य’ लिहिले की ‘आचारी’, हे ओळखण्याइतके मराठी तुमच्याजवळ असले पाहिजे. आणि दप्तरात एक वही आणि एक लेखणी असू द्या. तिला वीज लागत नाही आणि कोणत्याही लिपीचे वावडे नाही.

पालकांना विनंती एवढीच की, मुलाचा पहिला निरोप देवनागरीत आला, तर त्याचे उत्तरही देवनागरीतच द्यावे.