घटाची कुळकथा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला नामपुरात, मोसम नदीकाठच्या साऱ्या बागलाणाप्रमाणेच, घट बसतात. शेतातली काळी माती चाळून टोपलीत किंवा पत्रावळीवर पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा असं धान पेरायचं आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरतो, माती ओली राहते. रोज एक माळ चढते, अखंड दिवा तेवतो. दसऱ्याला तरारलेलं धान देवाला वाहून टोपीत, पागोट्यात खोवतात. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते. धान कसं उगवलं यावरून जाणती माणसं हंगामाचा अंदाज बांधतात.

मूर्ती नसली तरी ही पूजा पुरी होते. माती, पाणी आणि बी एकत्र आली की देवी आलीच.

या देवीचं कूळ फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे इसवी सनापूर्वी सुमारे १३०० सालच्या शेतकऱ्याच्या घरात, जमिनीखाली पुरलेली मातीची लांबट पेटी मिळाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती होती. झाकणावर दुसरी, बिनडोक्याची स्त्री आणि तिच्याजवळ बैल. सगळं कच्च्या मातीचं. बैलाच्या पाठीत आणि स्त्रीच्या पोटात भोक होतं. काडी घालून तिला बैलावर बसवता येत असे.

पुढे सातवाहनांच्या काळात तेर, भोकरदन इथे लज्जागौरीच्या छोट्या प्रतिमा घडल्या. तिलाही चेहरा नाही. अशा प्रतिमांच्या परंपरेत कुठे धड घटासारखं गोल आहे, कुठे डोक्याच्या जागी कमळ उमललं आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात तिचं मातृदेवतांशी असलेलं नातं उलगडलं. गोव्यात सांतेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. तिथे तर जमिनीतून वर आलेली मातीच देवी होते.

भूमीला आदिमाता मानणं इथल्यापुरतंच नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ७०० साली ग्रीसमध्ये हेसिअड या कवीनं देवांची वंशावळ रचली. त्यानं शेतीच्या कामांवरही काव्य लिहिलं. त्याच्या वंशावळीत आधी केऑस, म्हणजे अथांग पोकळी. मग गाया, म्हणजे धरित्री. गायानं कुणाही पुरुषाशिवाय आकाश, डोंगर आणि समुद्र यांना जन्म दिला. पुढे आकाशालाच तिनं जोडीदार केलं. एस्किलसच्या इसवी सनापूर्वी ४५८ सालच्या नाटकात डेल्फीची पुजारीण सर्व देवांआधी गायाला वंदन करते, कारण तिथली पहिली भविष्यवक्ती तीच.

गायाची कथा मोसमकाठी कुणी आणून सांगितली नव्हती, आणि सांगण्याची गरजही नव्हती. जिथे माणूस बी पुरून कोंबाची वाट पाहायला शिकला, तिथे त्याला सृष्टीचा उगम पायाखालीच दिसला. बाहेर उभा राहून जग घडवणारा कर्ता त्यानं पुढे कल्पिला असेल. जन्म देणारी भूमी त्यानं आधी ओळखली. म्हणून तिला चेहरा लागला नाही.

मोसमच्या खोऱ्यात बंधाऱ्याचं पाणी पाटानं पाळीपाळीनं वाटून घेणारी फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. एकट्याच्या मालकीचं पाणी इथल्या शेतीला पुरलं नसतं. काळ्या आईला आदिमाता मानणाऱ्यानं तिची मशागतही मिळून करायची आणि तिचं पाणीही वाटून प्यायचं. घटपूजेचा खरा आचार तोच आहे.