टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेताय? मूल हवं असेल तर आधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : 'मर्दानी ताकद'च्या जाहिराती पूर्वी भिंतीवर असायच्या, आता मोबाईलवर येतात. जिममध्येही कोणीतरी सांगतं, "टेस्टो घे, महिन्यात बॉडी दिसेल." हे औषध खरं आहे आणि काहींना त्याची गरजही असते. पण ते ताकदीचं टॉनिक नाही.

टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन पुरुषाच्या अंडकोषात तयार होतं. अंडकोषाला मार लागला, गालगुंडाचा आजार अंडकोषात उतरला किंवा मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीत गाठ झाली, तर ते कमी पडतं. लठ्ठपणा आणि शुगर असणाऱ्यांतही कमी आढळतं. मग इच्छा कमी होते, दाढी विरळ होते, थकवा येतो. नुसता थकवा मात्र रक्त कमी असल्यानं, थायरॉईडमुळे किंवा झोप न झाल्यानंही येतो.

म्हणून आधी तपासणी. रक्त सकाळी १० च्या आत आणि उपाशीपोटी द्यायचं, कारण दुपारनंतर आकडा आपोआप उतरतो. एका रिपोर्टवर औषध सुरू करू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आलं आणि त्रासही असला, तरच डॉक्टर उपचाराचा विचार करतात.

खरी कमतरता असेल तर फायदा होतो. इच्छा परत येते, हाडं मजबूत होतात, रक्तही वाढतं. मात्र वयामुळे पातळी उतरलेल्यांना फार आशा नको. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ७९० जणांवर झालेल्या अभ्यासात (२०१६) लैंगिक बाबतीत थोडा फरक पडला, पण अंगातल्या उत्साहात फारसा नाही.

आता जे जिममध्ये कोणी सांगत नाही ते. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. तो अंडकोषाला काम थांबवायला सांगतो आणि शुक्राणू बनणं बंद होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं! १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ पुरुषांना दर आठवड्याला इंजेक्शन दिलं. त्यातल्या १५७ जणांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की आधी सुनेला दवाखान्यात नेतात. नवऱ्यानं लग्नाआधी काय टोचून घेतलं, हे कोणी विचारत नाही. वीर्य तपासणी स्वस्त आहे, ती आधी करा.

दुसरा धोका रक्त घट्ट होण्याचा. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेलं तर औषध थांबवतात. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात हार्ट अटॅक वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुफ्फुसात गुठळी जाणं थोडं जास्त दिसलं. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर हे औषध सहसा देत नाहीत. जेल लावत असाल तर हात धुवा, लावलेली जागा कपड्यानं झाका. लहान लेकरांच्या अंगाला ते लागू देऊ नका.

हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आधीच घेत असाल तर लाजू नका, घाटीच्या मेडिसिन ओपीडीत किंवा जवळच्या एमडी डॉक्टरला दाखवा. जाताना इंजेक्शनची रिकामी बाटली सोबत न्या आणि किती घेतली, शेवटचं कधी घेतलं ते खरं सांगा.