हरभऱ्याची पाठराखीण

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला गेलं की घाट चढून टूवूंबा लागतं, आणि त्याच्या पलीकडे डार्लिंग डाउन्सचं पठार पसरलेलं दिसतं. तिथली जमीन लातूर-परभणीच्या माणसाला परकी वाटायची नाही. बेसॉल्टपासून झालेली काळी चिकण माती, पावसात पायाला धरणारी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी. या मातीत हरभरा होतो. तोही आपल्यासारखाच थंडीतला, फक्त तिथली थंडी मे-जूनमध्ये सुरू होते. पेरणीच्या दिवशी शेतकरी बियाण्याला एक काळपट, दमट भुकटी लावून घेतो. पाकिटावर ‘एन’ हे अक्षर असतं. ते हरभऱ्याचं, मुगाला वेगळं अक्षर, सोयाबीनला वेगळं. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवंत रायझोबियम जिवाणू असतात.

हरभऱ्याचा बेवड चांगला, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. का चांगला, याचा उलगडा मात्र १८८६ साली जर्मनीत झाला. हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी नत्राचा कणही नसलेल्या, तापवून निर्जंतुक केलेल्या वाळूत वाटाणा लावला. रोपं पिवळी पडून खुरटली. दुसऱ्या कुंड्यांत त्यांनी शेतातली चिमूटभर माती कालवलेलं पाणी घातलं, आणि तीच रोपं हिरवीगार वाढली. मुळांवर गाठी धरल्या होत्या आणि त्यांतून रोपाला हवेतला नत्र मिळत होता. ओटाला हेच पाणी घालून काही उपयोग झाला नाही. दोन वर्षांनी नेदरलँड्सच्या बायरिंकने त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढून वाढवला, आणि १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी ‘नायट्राजिन’ नावाने त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी शेतकरी काय करत? चांगल्या पिकाच्या शेतातली माती गाड्या भरून नव्या शेतात टाकत. बाटलीबंद जिवाणू आल्यावर गाड्या वाचल्या, एवढंच.

भारतात पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी १९२० च्या सुमारास या जिवाणूंवर काम केलं. पण आपल्या शेतकऱ्याला त्याची निकड फारशी भासली नाही, कारण शेकडो पिढ्या हरभरा घेतलेल्या मातीत त्याचा जिवाणू आपसूक असतो. ऑस्ट्रेलियात गोष्ट उलटी होती. हरभऱ्याचा जिवाणू नखरेल. हरभऱ्याखेरीज फारशा कुणाशी त्याचं जमत नाही, आणि हरभराही दुसऱ्या कुणाला सहसा जवळ करत नाही. त्या खंडाच्या मातीत तो नव्हताच. नवरीबरोबर पाठराखीण धाडायची विसरावी, तसं बियाणं एकटंच जाऊन चालणार नव्हतं.

बियाणं गेलं ते आपल्याकडूनच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिकडे प्रसारित झालेला ‘टायसन’ हा पहिला ऑस्ट्रेलियन वाण म्हणजे मुळात भारतातला सी-२३५. जिवाणू मात्र आला इस्रायलमधून. त्याचा नंबर सीसी ११९२, आणि १९७७ पासून आजतागायत ऑस्ट्रेलियातल्या हरभऱ्याच्या पाकिटांत हाच एक वाण भरला जातो. पाकिटाची तयारी आधीच झाली होती. सिडनी विद्यापीठातल्या जे. एम. व्हिन्सेंट यांनी पन्नासच्या दशकात जिवाणू पीटमध्ये, म्हणजे दलदलीत कुजून साचलेल्या पालापाचोळ्याच्या मातीत, मुरवून विकायची पद्धत मार्गी लावली आणि पाकिटांत खरोखर किती जिवाणू जिवंत आहेत याच्या तपासणीचा आग्रह धरला. माझ्या मते शोधापेक्षा हा आग्रह मोठा. मेलेल्या जिवाणूंचं पाकीट दिसायला अगदी जिवंतासारखंच असतं.

डार्लिंग डाउन्सला हरभऱ्याची गरज का पडली? गव्हामुळे. वर्षानुवर्षं गव्हावर गहू घेऊन त्या सुपीक मातीतला नत्र खालावत गेला. राम दलाल आणि मायर यांनी १९८६ मध्ये दक्षिण क्वीन्सलँडच्या जमिनींचा हा हिशेब मांडला. टूवूंब्यात गव्हासाठीच काढलेली संशोधन संस्था होती, पुढे तिचं लेस्ली संशोधन केंद्र झालं. वायव्येला वॉरा इथे तर दीर्घ मुदतीचे प्रयोगच सुरू झाले: गव्हावर गहू, आणि शेजारी हरभऱ्यावर गहू. हरभऱ्याच्या बेवडावरचा गहू चढला. आपल्या आज्यापणज्यांनी हे ऐकून ‘मग, सांगतोय काय आम्ही?’ असंच म्हटलं असतं.

जिवाणू काम करतो की नाही, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी रोप उपटू नये, कुदळीने मातीसकट उचलावं, मुळं पाण्यात हलकेच धुवावीत. हरभऱ्याच्या गाठी गोल नसतात, वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या असतात. एखादी नखाने फोडायची. आत लालसर गुलाबी निघाली तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्याच जातीच्या एका द्रव्याचा. पांढरी किंवा हिरवट निघाली तर जिवाणू नुसता बसून खातो आहे. जमिनीत आधीच भरपूर नत्र असेल तर रोप गाठी धरायचेही कष्ट घेत नाही, हेही लक्षात ठेवावं.

भुकटी लावायची शिस्त दोन्हीकडे सारखीच आहे. आधी बुरशीनाशक, ते वाळू द्यायचं, जिवाणू सगळ्यात शेवटी, आणि तोही सावलीत. आपल्याकडे २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, गुळाच्या पाण्यात कालवून. घाईत लोक सगळं एकाच घमेल्यात कालवतात, किंवा पाकीट महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवतात, आणि मग ‘रायझोबियममध्ये काही दम नाही’ म्हणून मोकळे होतात.

डाउन्सच्या हरभऱ्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे भारत आणि शेजारचे देश. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने त्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं आणि मार्च २०१८ पर्यंत ते ६० वर नेलं. इथे भाव पडले होते, तेव्हा ते रास्तच होतं. तिकडच्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं हेही खरं. मे २०२४ मध्ये देशी हरभऱ्यावरचं शुल्क उठलं आणि जहाजं पुन्हा निघाली.

दरम्यान मातीत वेगळंच चाललं होतं. ऑस्ट्रेलियातल्या हरभऱ्याच्या शेतांतून गाठी गोळा करून तपासल्या, तेव्हा आत पाकिटातला सीसी ११९२ असेलच याची खात्री उरली नव्हती. स्थानिक मातीतले, आधी हरभऱ्याकडे ढुंकूनही न बघणारे त्याचे भाऊबंद गाठीत मुक्काम ठोकून होते. पर्थच्या मर्डॉक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ च्या सुमारास त्यांची जनुकं वाचली. गाठी धरण्याची आणि नत्र बांधण्याची जनुकं ज्या एका तुकड्यात असतात, तो अख्खा तुकडाच सीसी ११९२ कडून त्यांच्याकडे गेला होता. म्हणजे पाठराखिणीने सासरच्या मंडळींना आपली सगळी विद्या शिकवून टाकली. सगळे चेले सारखे कामसू निघतातच असं नाही, त्यामुळे तिथले सल्लागार अजूनही दर पेरणीला नवं पाकीट फोडायला सांगतात.